मागच्या खोलीत वायफाय पोचत नाई, कॉम्प्युटरले छोटं यूएसबी डोंगल लावलं तर होईन का?

कापूसवाला दारव्हा

राम राम सगळ्यायले. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घर आज्यानं बांधलेलं, समोरच्या दोन खोल्या मी सिमेंटच्या करून स्लॅब टाकला पण माजघर अजून मातीचंच हाय, भिंत दीड हाताच्या वर जाड. माजघराच्या मागं आंगण अन् आंगणाच्या पल्याड सांदवाडीले लागून टिनाची एक खोली. त्या खोलीत पोरगी अभ्यास करते. औंदा बारावीत गेली, सायन्सले हाय, सीईटीचा क्लास ऑनलाइन लावून देला. यवतमाळले रूम करून ठेवाची आपली ऐपत नाई, म्हणून एक जुना कॉम्प्युटर घेऊन देला, चांगला चालते, फक्त त्याच्यात वायफाय नाई.

फायबरचा डबा, म्हणजे वायफायचा राउटर, समोरच्या खोलीत हाय, चाळीस एमबीपीएसचा प्लॅन. समोर मोबाइलवर ३८-३९ दाखवते, माजघरात पंधरा-वीस, मागच्या खोलीत कधी दोन तर कधी निरा गोल फिरत रायते. आता ती काय करते, आंगणात लिंबाखाली खाट टाकून मोबाइलवरच क्लास पायते. सकाळी सहा ते आठ जमते, मंग नवतपा सुरू हाय, बाहेर बसनंच होत नाई. मोबाइल डाटाची रेंज टिनाखाली एक काडी.

तालुक्याच्या दुकानदारानं सांगितलं का नखाएवढं डोंगल येते, कॉम्प्युटरच्या मागं खोचलं का घरभर वायफाय वाढते. खरं हाय का हे? दीडशे स्पीडवालं घ्याव का सहाशे स्पीडवालं? पेरणी तोंडावर हाय, बियाण्याचं पायचं हाय, दोनदा पैसे घालाची सोय नाई. त्याच्यानं आधी विचारतो. कोणाच्या घरी असं हाय का, असीन तर सांगजा.


देवळीचा मास्तर

भाऊ, सगळ्यात आधी दुकानदाराचं ते "घरभर वाढते" डोक्यातून काढा. डोंगल घरभर काहीच वाढवत नाही. ते ज्या कॉम्प्युटरला लावलं त्या एकट्याचा कान आहे, त्याला ऐकू यायला लागतं, बाकी घरातल्या मोबाइलला त्याचा काडीचा फायदा नाही. तुमच्या पोरीच्या कॉम्प्युटरला वायफायच नाही म्हणजे काहीतरी लावावंच लागेल, पण ज्या जागी मोबाइलला दोन येतात त्या जागी नखाएवढ्या डोंगललाही दोनच येतील, कदाचित कमीच, कारण त्याचा अँटेना आत बोटाच्या पेराएवढा असतो आणि ते कॉम्प्युटरच्या मागे लोखंडी डब्याला चिकटून भिंतीकडे तोंड करून बसतं. त्याहून वाईट जागा त्या खोलीत शोधून सापडणार नाही.

दीडशे-सहाशे हा जो आकडा असतो तो खोक्यावरचा. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; दीडशेवालं फक्त २.४ वर चालतं, समोरासमोर ठेवलं तरी हातात फार तर चाळीस-पन्नास येतात, तुमच्या चाळीसच्या प्लॅनला ते जवळपास पुरतं. सहाशेवाल्यात ५ गिगाहर्ट्झ पण असतं पण ते मातीच्या दीड हात भिंतीतून पलीकडे जाईल अशी आशा ठेवू नका, जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितकी भिंत जास्त खाते. मागच्या खोलीसाठी तुमचा सगळा भरवसा २.४ वरच.

आता हे सांगा, डबा समोरच्या खोलीत नेमका कुठे ठेवला आहे? जमिनीपासून किती उंच, बाजूला काय आहे? टीव्हीच्या मागे आहे का, लोखंडी आलमारीवर आहे का? आणि मोबाइलवर वायफाय ॲनालायझर नावाचं ॲप मिळतं, ते टाकून चार ठिकाणचे आकडे घ्या. उण्यात येतात (डीबीएममध्ये), शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल चांगला, उणे ४० म्हणजे फर्स्ट क्लास, उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ आरामात चालतो, ७५ च्या खाली रडारड, ८५ ला संपलं. कांड्या बघू नका, आकडाच घ्या, आणि प्रत्येक जागी दोन-तीन वेळा घ्या. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची असते, भिंतींवर आपटून येणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, त्यामुळे मोबाइल चार बोटं सरकवला तरी आकडा बदलतो.


वरूडचा संत्रावाला

भाऊ डोंगलच्या भानगडीत नका पडू, सरळ रिपीटर घ्या, भिंतीतल्या सॉकेटमदी खोचायचा येते तो. मी दोन वर्षाखाली घेतला, आमच्या वाड्यात चालून रायला. फक्त एक चूक मी केली ते तुम्ही करू नका. मी तो रिपीटर जिथी रेंज नोती तिथीच लावला, मले वाटलं इथी नाई त इथीच लावाव लागीन. मोबाइलले काड्या पूर्ण दिसे अन् चाले काहीच नाई, पंधरा दिवस मी कंपनीले शिव्या देत रायलो. मंग समजलं का त्याले सोताले नेट भेटत नाई त तो पुढं काय देईन. अर्ध्या वाटेवर लावला तेव्हा चाललं.

स्पीड अर्धा होते हे खरं हाय. एकच रेडिओ, त्यानंच ऐकाचं अन् त्यानंच बोलाचं, दोन्ही एका वक्ती होत नाई. पण तुमचे चाळीसचे वीस झाले तरी क्लासले भरपूर होते.


अकोटची ताई

दादा, काही विकत घ्यायच्या आधी फुकटात होते ते करून पाहा. घरात एखादा जुना ॲन्ड्रॉइड मोबाइल असेलच, काच फुटलेला असला तरी चालते. तो वायफायला जोडायचा, चार्जिंगच्या वायरनं कॉम्प्युटरला लावायचा आणि सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करायचं. कॉम्प्युटरला नेट येते, आणि ते मोबाइल डाटावर नाही तर वायफायवरच चालते, फक्त मोबाइल वायफायला जोडलेला आहे हे पाहून घ्या, नाही तर डाटा उडून जाईल. म्हणजे तो मोबाइल झाला तुमचं डोंगल. आता हा मोबाइल खोलीत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पाहा, टेबलावर, खिडकीत, वर फळीवर, आणि जिथे चाललं तिथे डोंगल चालेल. कुठेच नाही चाललं तर डोंगलचे पैसे वाचले.

माझ्याकडे दीडशेवालं नखाएवढं आहे, टीपी-लिंकचं ७२५ एन, चार वर्षं झाली चालून राहिलं. पण ते मी कॉम्प्युटरला थेट खोचलेलं नाही. यूएसबीची लांब करायची वायर मिळते, एक्सटेन्शन, ती तीन मीटरची घेतली आणि डोंगल खिडकीच्या चौकटीला सुतळीनं बांधलं. साधी वायर पाच मीटरच्या वर घेऊ नका, यूएसबीची हद्दच तेवढी आहे, त्याच्या पुढे डोंगल तुटत राहते. आणि कॉम्प्युटरला निळं यूएसबी असेल तर त्यात लावू नका, काळ्यात लावा. निळं म्हणजे ३.० वालं, ते चालू असलं का २.४ च्या जागेवरच आवाज करते आणि छोट्या डोंगलला ऐकू येत नाही. हे मला माझ्या भावानं सांगितलं, इंटेल कंपनीनं २०१२ मध्ये यावर एक पूर्ण पेपर काढला होता. मी पेनड्राइव्ह निळ्यात आणि डोंगल त्याच्या बाजूलाच लावत होते, पेनड्राइव्हवरून काही कॉपी करायला घेतलं का नेट बंद. कितीतरी दिवस कळतच नव्हतं.

आणखी एक, पहिल्यांदा लावलं का काही डोंगल कॉम्प्युटरमध्ये सीडीसारखं दिसते, वायफाय दिसतच नाही. घाबरू नका, त्या सीडीतच ड्रायव्हर असते, ते उघडून इन्स्टॉल केलं का मग वायफायचं चिन्ह येते.

आमच्या शेतातल्या घरी तर मी याच्याही पुढचं केलं. घर ते शेतातली खोली तीनशे फूट असेल, मधे भिंत नाही, फक्त तूर. डोंगल नुसतं टांगलं तर उणे ८०. मग लोखंडी घमेलं घेतलं, तोंड घराकडे केलं आणि डोंगल घमेल्याच्या मधोमध काडीवर उभं केलं. किती अंतरावर उभं करायचं याचा हिशोब असा, तोंडाची रुंदी मोजायची, तिला तिनंच गुणायचं आणि खोलीच्या सोळापटीनं भागायचं. माझं घमेलं ४० सेंटीमीटर रुंद आणि १० खोल, १६०० ला १६० नं भागलं, १० आले, म्हणजे बुडापासून दहा सेंटीमीटर वर. घमेलं काही डिश अँटेनासारखं मोजून घडवलेलं नसते, म्हणून थोडं मागे-पुढे करून आकडा पाहावा लागते. उणे ६९ आलं. जे उकिरड्यावर पडलं होतं त्याच घमेल्यानं काम झालं. तुमचं अंतर कमी आहे, तुम्हाला याची गरज पडणार नाही असं वाटते, पण सांगून ठेवते.


कापूसवाला दारव्हा

सगळ्यायचे आभार. मास्तर, तुमी म्हटलं तसं केलं, काल रात्री अन् आज सकाळी दोनदा आकडे घेतले.

डबा समोरच्या खोलीत लोखंडी आलमारीवर हाय, टीव्हीच्या वरतं. जोडणाऱ्या पोरानं तिथीच ठेवला, मी कधी हलवला नाई. समोरच्या खोलीत उणे ३८, माजघरात ६६, मागच्या खोलीत टेबलावर ८८, खिडकीत ८१. ताईनं सांगितलं ते मोबाइलचं पण केलं, टेबलावर जोडतच नोतं, खिडकीत ठेवला त चाललं पण मिंटा-मिंटाले थांबे.

आता खरी गोठ सांगतो. आकडे घेता घेता पोरगी म्हणे बाबा, मार्च महिन्यात त इथी बरं चाले, परीक्षेच्या वक्ती मी मोबाइलवर इथीच व्हिडिओ पायले. मी म्हटलं असं कसं होईन, डबा तोच, खोली तीच. मंग मले आठवलं का एप्रिलमदी आमी कुलर लावला. माजघराची एकच खिडकी हाय आंगणाकडं, लाकडी, गज नसलेली, तिले आमी दरवर्षी बाहेरून कुलर लावतो, दोन हात रुंद लोखंडी पत्र्याचा, खाली पाण्याची टाकी. सकाळी बायकोले म्हटलं अर्धा घंटा थांब, अन् दोघायनं मिळून कुलर स्टँडसगट सरकवला. मागच्या खोलीच्या खिडकीत ८१ चे ६८ झाले. टेबलावर ८८ चे ७६. मी तीनदा कुलर मागं-पुढं करून पायलं, तिन्ही वेळा तेच.

म्हणजे मातीच्या भिंतीतून काही जातच नोतं, जे काही जात होतं ते त्या खिडकीतून, अन् तिलेच आमी पत्रा अन् पाणी लावून बंद केलं. आता कुलर त काढता येत नाई, माय पंच्याहत्तर वर्षाची हाय, माजघरातच झोपते, पारा ४५ च्या खाली येत नाई. मंग काय कराव?


देवळीचा मास्तर

भाऊ, फार छान पकडलं. ८१ चे ६८ म्हणजे तेराचा फरक, आणि हा हिशोब साधा नाही, दर तीनला दुप्पट होतं, दहाला दहापट. तेरा म्हणजे जवळपास वीसपट सिग्नल तुमच्या कुलरनं अडवला होता. लोखंडी पत्रा लहर परत फेकतो आणि पाणी २.४ ची लहर पितं, तुमच्याकडे दोन्ही एकावर एक. पोरीनं मार्चचं आठवलं म्हणून बरं, नाही तर तुम्ही रिपीटर घेऊन त्याच कुलरच्या मागे लावला असता.

माजघरातून आंगणात निघायला दार असेलच ना? त्या दाराचं काय? दार खिडकीसारखंच भोक आहे. डबा आलमारीवरून हलवून अशा ठिकाणी नेता आला की तिथून दारातून मागची खोली सरळ दिसते, तर कुलर कुठेही असू द्या. माणसाला दिसतं ते वायफायलाही बरंचसं दिसतं, एवढं धरून चाला.


तारवाला मूल

मी फायबरचंच काम करतो, मूल-सिंदेवाही भागात, म्हणून बोलतो. मास्तर बरोबर सांगते, पण भाऊ डबा सोता उचलून ओढू नका. त्याच्या मागं जे पातळ तार येते ते काचेचं हाय, तांब्याचं नाही, खिळ्यावर मोडून नेलं किंवा दारात चेपलं तर लाल लाईट लागते आणि मग दोन दिवस आमची वाट पाहात बसा. करायचं काय तर पॅचकॉर्ड नावाची तयार काचेची तार मिळते, दहा मीटरची, पंधरा मीटरची. भिंतीवर जिथं बाहेरची तार येऊन थांबते त्या छोट्या डबीपासून ते तुमच्या वायफायच्या डब्यापर्यंत हे लावायचं. घेताना डब्याच्या मागचं टोक पाहा, घरोघरी बहुतेक हिरवं असते, हिरवं असलं तर दोन्ही बाजूनं हिरवंच पाहिजे. निळं बसते पण बसवू नका, हिरव्याचं तोंड तिरपं घासलेलं असते, निळ्याचं नसते, काच काचेला बरोबर टेकत नाही आणि लाईट कमी पडते. टोकाला बोट लावायचं नाही. वळण देताना मुठीपेक्षा लहान वळण नको. आणि डब्याच्या लाईटीकडे, म्हणजे तारेच्या उघड्या टोकात डोळा लावून कधीच पाहू नका, दिसत नाही पण लेझर असते.

तुमच्या भागातल्या माणसाला सांगितलं तर तो अर्ध्या घंट्यात करून देईन. डबा दाराच्या वर, चौकटीच्या बाजूला पाटीवर ठेवा, आलमारीपासून लांब. तिथं बोर्ड नसेल तर एक प्लग काढा, वरतून लोंबकळती वायर नको.

दुसरा रस्ता पण सांगतो, कारण पुढं लागला तर. डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत साधी लॅनची केबल टाकायची, तिकडं एक जुना राउटर लावायचा. हे सगळ्यात पक्कं काम हाय, शंभर मीटरपर्यंत स्पीड पडत नाही, भिंत-कुलर काहीच आडवं येत नाही. पण तुमच्या घरी मधात उघडं आंगण हाय आणि आमच्या विदर्भात मृगाच्या आधी-मागं विजा कशा पडते ते तुम्हाला सांगायला नको. तांब्याची केबल एका छताखालून निघून उघड्यातून दुसऱ्या छताखाली गेली का वीज जवळ कुठं पडली तरी तिच्यातून झटका येते, डबा जाते, कॉम्प्युटरचं बोर्ड जाते. मी मागच्या वर्षी एकाच आठवड्यात सहा घरचे डबे बदलले. केबल टाकलीच तर पाईपातून खालून न्या, लाईटीच्या वायरीसोबत एकाच पाईपात नको, आणि ढग गरजले का दोन्हीकडून काढून ठेवायची सवय लावा. केबल घेताना पूर्ण तांब्याची मागा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ते वाकवली का आतल्या आत तुटते. मोबाइलमदी दामिनी ॲप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामानाच्या सरकारी संस्थेनं काढलेलं हाय, तुमच्या आजूबाजूला वीज पडायची शक्यता असली का सांगते. शेतात बाया असतात तेव्हा त त्याचा उपयोग नेटपेक्षा जास्त हाय.


वरूडचा संत्रावाला

तारवाले भाऊ, जुना राउटर लावायचा म्हणता त त्याच्यात काय सेटिंग कराव लागते? माह्याकडं एक पडून हाय.


देवळीचा मास्तर

संत्रावाले भाऊ, मी सांगतो, शाळेत मीच लावला आहे. जुन्या राउटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, बदलायचा, मेन डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यायचा, मग त्याचं डीएचसीपी बंद करायचं म्हणजे पत्ते वाटायचं काम एकटा मेन डबाच करेल, आणि केबल लॅनच्या भोकातून लॅनच्या भोकात, वॅनमध्ये नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड मेनसारखाच ठेवला की मोबाइल आपोआप इकडून तिकडे जातो.

आणि कापूसवाले भाऊ, दुकानदाराचं म्हणणं एका परीनं खरं करता येतं ते पण सांगून ठेवतो. कॉम्प्युटरला नेट लॅन केबलनं दिलं आणि डोंगलही लावलं, तर विंडोज १० मध्ये मोबाइल हॉटस्पॉट म्हणून सेटिंग आहे, ते चालू केलं की तेच नखाएवढं डोंगल उलटं बोलायला लागतं, त्या खोलीतल्या आठ मोबाइलपर्यंत वायफाय देतं. तिथे ते खरंच वायफाय वाढवतं. अट एकच, कॉम्प्युटर चालू पाहिजे, लाईन गेली की हॉटस्पॉट गेला. केबल नसताना त्याच एका डोंगलनं घ्यायचं आणि त्याच डोंगलनं वाटायचं असंही होतं पण मग रिपीटरसारखंच अर्ध्यावर येतं.

डब्याच्या सेटिंगमध्येही एक काम करा, २.४ च्या चॅनेलची रुंदी ऑटो किंवा ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा. स्पीडचा कागदी आकडा कमी होईल पण दूरच्या खोलीत पकड टिकते. चॅनेल १, ६, ११ पैकी एक ठेवा, गावात गर्दी नसते त्यामुळे कोणतंही चालेल.


अकोटची ताई

दादा, डबा हलवायचा तर हलवा पण लाईन गेल्यावर काय? आमच्याकडे दिवसातून दोन-तीनदा जाते. राउटरची छोटी बॅटरी मिळते, १२ व्होल्टची, डब्याच्या मागे किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलं आहे ते पाहून घ्या. कॉम्प्युटर बंद पडला तरी मुलगी मोबाइलवर क्लास पुढे चालू ठेवू शकते. ज्या दिवशी टेस्ट असते त्या दिवशी याचं महत्त्व कळते. माझी भाची रडकुंडीला आली होती, वीस मिनिटं राहिली होती आणि डबा बंद.


कापूसवाला दारव्हा

दहा दिवसानं लिहून रायलो, माफ करजा, पेरणीच्या आधीची वखरणी चालू होती.

झालं काम. आमच्या भागातला लाईनवाला पोरगा आला, त्याच्याजवळ पंधरा मीटरची हिरव्या टोकाची पॅचकॉर्ड होती, समोरच्या खोलीतून माजघरात नेली, कवेलूच्या खालच्या बल्लीवरून, उंदराच्या डरानं पूर्ण पाईपातून. डबा आता माजघराच्या मागच्या दाराच्या डोक्यावर पाटी ठोकून ठेवला. पाटी पोरीनं सोता रंगवली. दार दिवसभर उघडंच असते अन् रात्री लाकडाचं हाय, लोखंडाचं नाई. कुलर जिथल्या तिथंच हाय, मायची झोप मोडली नाई.

नुसतं डबा हलवल्यानं मागच्या खिडकीत ८१ चे ६१ झाले. टेबलावर ७०. समोरच्या खोलीत ३८ चे ५७ झाले पण तिथी टीव्ही बराबर चालते, कोणाले फरक समजलाही नाई. मंग डोंगल घेतलं, नखाएवढं नाई, अँटेनावालं, टीपी-लिंकचं टी-टू-यू प्लस. दुकानदार तेच छोटं द्याले पाये, मी म्हटलं मले उभ्या दांडीवालंच पायजे. यूएसबीची तीन मीटरची वायर, काळ्या भोकात लावली, डोंगल खिडकीच्या वरच्या खुंटीले टांगलं. पहिल्यांदा सीडीसारखं दिसलं, पोरगी म्हणे बाबा खराब निंघालं, मी म्हटलं थांब, अकोटच्या ताईनं सांगितलं हाय. ते उघडून इन्स्टॉल केलं अन् आलं.

कॉम्प्युटरवर ३४-३५ येते. काल फिजिक्सचा दोन घंट्याचा क्लास झाला, एकदाही थांबला नाई. मी दारात उभा राहून पायलं, ती लिहून रायली होती, तिले मी आलो हेही समजलं नाई.

डोंगल, वायर अन् पॅचकॉर्ड मिळून हजार-अकराशे गेले. रिपीटर घ्याव लागला नाई.


तारवाला मूल

चांगलं झालं भाऊ. एकच विचारतो, पाटीवर डब्याच्या वर कवेलू गळत नाही ना? पावसाळ्यात पहिलं पाणी तिथंच टपकते. आणि मातीची भिंत ओल धरली का सिग्नल अजून खाते, जुलै-ऑगस्टमदी आकडे एकदा परत घ्या, घाबरू नका कमी आले तर.


अकोटची ताई

आणि झड लागली का खिडकीतून पाणी आत येते, डोंगल खिडकीच्या बाहेरच्या बाजूला तर नाही ना टांगलं दादा?


कापूसवाला दारव्हा

नाई ताई, आतूनच हाय, चौकटीच्या वर हातभर. अन् कवेलू मागच्या हप्त्यातच फिरवले, दाराच्या वरचे सहा नवीन टाकले. आज आभाळ भरून आलं त पोरीनं मले विचाराच्या आधीच डोंगल काढून दप्तरात ठेवून देलं.